परड्यातली शेड

वैशाखातल्या एका संध्याकाळी माझा नातू घरामागच्या परड्यात चुन्याची फक्की घेऊन उभा होता. परडे ही आमच्या शहापूरकडच्या जुन्या घरांची चाल. पुढे ओटा, मध्ये माजघर, मागे न्हाणीघर आणि त्याच्याही मागे लांबट मोकळी जागा. आमच्या परड्यात एका कडेला शेवगा आहे, दोन जास्वंदी आहेत, आणि मधोमध गवतात बुडालेले एक जोते आहे. त्या जोत्यावर एके काळी माझ्या वडिलांची शेड उभी होती.

नातवाने यंत्रशास्त्राचा डिप्लोमा केला, चार वर्षे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काढली, आणि आता त्याला स्वतःचा लेथ बसवायचा आहे. उद्यमबागेत गाळा घेण्याएवढा पैसा जवळ नाही. म्हणून परडे.

"आजोबा, बारा फूट बाय अठरा फूट. बरोबर बसतं," तो म्हणाला.

"बाराच का आणि अठराच का?"

मग त्याने मला पालो आल्टोची कथा सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पालो आल्टो नावाचे गाव आहे. तिथे अ‍ॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या ३६७ नंबरच्या घरामागे मोटार ठेवण्याची एक छोटी लाकडी खोली आहे, बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब. १९३८ साली बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुण इंजिनिअरांनी त्या खोलीत काम सुरू केले आणि पुढच्या वर्षी भागीदारी केली. भांडवल ५३८ डॉलर. ध्वनीच्या चाचणीसाठी लागणारे एक विद्युत उपकरण त्यांनी बनवले आणि त्यातले आठ नग 'फँटेशिया' या चित्रपटासाठी वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने घेतले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने त्या खोलीला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. नातवाच्या डोळ्यांसमोर ती खोली होती.

मी म्हटले, "चांगली गोष्ट आहे. पण त्याच्या बरोबर पन्नास वर्षे आधी आपल्याच गावात एक दुकान निघालं होतं. ते तुला ठाऊक आहे का?"

"किर्लोस्करांचं ना? शाळेत होतं. त्यांना इथून उठवलं, ते वाडीला गेले आणि मोठे झाले."

त्याचे हे एका ओळीतले उत्तर ऐकून मी जरा गप्पच झालो. कारण हेच वाक्य, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी एकदा वापरले होते. त्याची जी किंमत द्यावी लागली ती मी दिली नाही, माझ्या वडिलांनी दिली. ह्या लेखाचे निमित्त तेच. पण आधी किर्लोस्करांची गोष्ट नीट सांगायला हवी.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर ह्याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकलेची ओढ होती, म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. पण त्यांना रंग नीट ओळखता येत नसत. रंगांची चित्रकला सोडावी लागली. रेषांची चित्रकला मात्र उरली, म्हणजे यंत्रांचे नकाशे. त्याच बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रचित्रकलेचे शिक्षक झाले. तिथल्या कार्यशाळेत यंत्रे उघडण्याची, जोडण्याची, बिघडली तर दुरुस्त करण्याची संधी त्यांनी सोडली नाही.

मुंबईत त्यांना सायकल दिसली. तेव्हा ती नवलाईची आणि श्रीमंती वस्तू. १८८८ हे साल 'किर्लोस्कर ब्रदर्स' आपल्या प्रारंभाचे मानते. ते आपल्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानाचे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि इथे त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, शिवाय लोकांना चालवायलाही शिकवत. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपयांच्या घरात आणि शिकवण्याची फी पंधरा रुपये. आज आपण मोटार शिकायला जातो, तसेच ते.

पुढे मुंबईच्या संस्थेत बढतीची जागा आली. ती लक्ष्मणरावांना न देता एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. सायकलींच्या जोडीला पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांची एजन्सी घेतली. छोटे वर्कशॉप उभे केले आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवली. जनावरांना अख्खा कडबा टाकला की निम्मा पायदळी जातो, तुकडे करून टाकला की वाया जात नाही. शेतकऱ्याच्या घरचे हे दुखणे ओळखून केलेले ते यंत्र होते.

मग लोखंडी नांगर आला. हा नांगर चालला नाही. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांचा मी पुष्कळदा विचार करतो. माल तयार, गिऱ्हाईक नाही, भट्टीला कोळसा लागतोच, माणसांना पगार लागतोच. अशा वेळी वर्कशॉप तगते ते किरकोळ कामांवर. कुणाचे चाक, कुणाचा दांडा, कुणाचे कुलूप. आणि किरकोळ काम येते ते शेजारून, चालत, हातात मोडकी वस्तू घेऊन. ही गोष्ट पुस्तकातून मला कळली नव्हती. ती परड्यात कळली.

ठळकवाडीतले ते वर्कशॉप जरा स्थिरावत होते, तोच नगरपालिकेने त्या भागात नवी वसाहत आखली. वर्कशॉपची जागा वसाहतीत आली आणि किर्लोस्करांना उठायला सांगण्यात आले. कागदावर त्यात चूक काही नव्हती. राहण्याच्या जागी भट्टी, धूर आणि घणाचे आवाज कोणाला हवेत? आजही ठळकवाडीतून हिंडताना बंगल्यांच्या बागा पाहून मन प्रसन्न होते. पण नकाशा काढणाऱ्याने घरे काढली, रस्ते काढले आणि हाताने काम करणाऱ्यासाठी एक चौकोन काढायचे राहून गेले.

पुढे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे, निदान आपल्याला तसे वाटते. औंधला मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधच्या गादीवर १९०९ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. ते स्वतः चित्रकार. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेर. १० मार्च १९१० ला तिथे मुहूर्त झाला. यंत्रांच्या मागोमाग माणसे आणि त्यांची बायकामुले गेली. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर हे सहकारी बरोबर राहिले. वसाहतीची घरे, पाणी, व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. पुढे त्या स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले.

ही गोष्ट आपण बेळगावकर दोन सुरांत सांगतो. एक सूर अभिमानाचा : बघा, आमच्या गावातून सुरुवात झाली. दुसरा सूर हळहळीचा : आम्ही त्यांना ठेवून घेतले असते तर! दोन्ही सुरांत एक वाक्य मात्र सारखेच असते. इथून उठले म्हणूनच ते वाढले.

आता आमच्या परड्याकडे येतो.

माझे वडील हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. १९५६ साली २६ सप्टेंबरला लक्ष्मणराव किर्लोस्कर गेले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्या दिवसांत घरात, ओट्यावर, गल्लीत बोलणे एकच होते. बाबा मात्र त्या चर्चेत फार बोलत नसत. त्यांचे लक्ष एका जुन्या लेथवर होते. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, नोकरी सोडून तो लेथ त्यांनी बैलगाडीवर घालून घरी आणला. लेथ हरिहरचा होता. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथचा कारखाना काढला होता, तिथला. बेळगावातून निघालेले नाव औंधला गेले, तिथून कानडी मुलखात हरिहरला गेले, आणि एका जुन्या लेथच्या बिडाच्या अंगावर उमटून आमच्या परड्यात परत आले. लहानपणी त्या अक्षरांवरून मी बोट फिरवीत असे.

बाबांनी शेड बांधली ती दहा फूट रुंद आणि चोवीस फूट लांब. भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगळुरी कौले आणि त्यांत मध्ये मध्ये काचेची कौले. इतकी लांबोडकी का? कारण मोटर एकच होती, तीन हॉर्सपॉवरची. आढ्याखाली भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी शाफ्ट फिरत असे. त्यावर चाके, चाकांवर कातडी पट्टे, आणि प्रत्येक पट्टा खाली एकेका यंत्राला फिरवी. आधी लेथ, मग ड्रिल, शेवटी सहाणेचे चाक. जुन्या काळचे सारे कारखाने असेच लांब आणि अरुंद. शाफ्ट सरळ, म्हणून यंत्रे रांगेत आणि रांग म्हणून इमारत लांब. जास्त जोर लागणारे यंत्र मोटरजवळ. माणूस कुठे उभा राहणार, हे शाफ्ट ठरवी. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि इमारत मोकळी झाली. नातवाची बारा बाय अठरा त्यामुळेच चालते. बाबांना ती चालली नसती.

त्या शेडमध्ये हिशेब मराठीत लिहिला जाई, माप सुतात बोलले जाई आणि घासाघीस बहुधा कन्नडमध्ये होई. एका सुताला इंचाचा आठवा भाग. "अडीच सूत काढ रे," म्हटले की मराठी मुलालाही कळे आणि कानडी मुलालाही. खानापूरकडचा शेतकरी गुऱ्हाळाच्या चरकाची झिजलेली लाट घेऊन येई, बैलहोंगलकडचा इंजिनाचा पंप घेऊन येई. दोघेही बाबांना 'मेस्त्री' म्हणत. हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. तो मराठीचाही झाला आणि कन्नडचाही, त्याने कधी कुणाला हद्द विचारली नाही.

१९७९ मध्ये एक कागद आला. गल्लीतल्या काही जणांनी आवाजाची तक्रार केली होती. वस्तीत वर्कशॉप चालवण्याचा परवाना दाखवा, नाहीतर बंद करा, असा त्याचा मथितार्थ. बाबा तेव्हा साठीला आले होते. मी एका तंत्रशाळेत यंत्रचित्रकला शिकवत होतो. कागद माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "ह्याला काय उत्तर लिहायचं ते लिही."

मी उत्तर लिहिले नाही. खरे सांगायचे तर मलाच त्या शेडचा कंटाळा आला होता. नवे लग्न झालेले, घरात तान्हे मूल, आणि दुपारभर तो पट्ट्यांचा फटफटाट. मी ड्रॉइंग बोर्ड काढला आणि दोन रात्री जागून औद्योगिक वसाहतीतल्या एका भाड्याच्या गाळ्याचा नकाशा तयार केला. कुठे लेथ, कुठे ड्रिल, कुठे माल. नकाशा सुरेख झाला होता. तो त्यांच्यासमोर ठेवून मी म्हटले, "बाबा, किर्लोस्कर इथून उठले म्हणूनच वाढले."

बाबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "त्यांच्यामागे राजा होता. माझ्यामागे कोण?"

मला वाटले, म्हातारपणाचा हट्ट. आम्ही लेथ हलवला. आठ महिन्यांत बाबांनी तो विकला.

त्या आठ महिन्यांत काय बिघडले हे समजायला मला पुढची कित्येक वर्षे लागली. वसाहतीत गाळा पक्का होता, वीज होती, तक्रार करणारे कोणी नव्हते. पण मोडकी कप्पी किंवा पंपाचा दांडा पिशवीत घालून बाजाराला आलेला माणूस तीन मैल चालून तिथे जाणार नव्हता. त्याला शहापुरातले परडे ठाऊक होते. दुपारी जेवायला बाबांना सायकलवरून घरी यावे लागे. आई तोवर काम करता करता पट्ट्याला राळ लावून देत असे, एखाद्या गिऱ्हाइकाला बसवून ठेवत असे, पैसे घेत असे. तिची ती नोकरी कोणत्याही वहीत लिहिलेली नव्हती आणि माझ्या नकाशातही नव्हती. भाडे मात्र दर महिन्याला होते. १९८४ मध्ये बाबा गेले. शेड मी आधीच उतरवली होती. कौले विकली आणि जागेवर जास्वंदी लावल्या.

म्हणून वाडीच्या गोष्टीकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. किर्लोस्कर उठले म्हणून वाढले नाहीत. उठल्यावर त्यांना चार गोष्टी मिळाल्या. जमीन, बिनव्याजी पैसा, दारात रेल्वे स्टेशन, आणि बरोबर येणारी माणसे त्यांच्या बिऱ्हाडांसकट. अख्खे वर्कशॉप हलले, त्यातले यंत्र तेवढे नव्हे. लक्ष्मणरावांची चिकाटी अफाट होती यात शंका नाही. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारने पोस्टाचे तिकीट काढले ते योग्यच झाले. पण त्या चिकाटीला टेकायला औंधचे जोते होते. ज्यांना ते मिळाले नाही त्यांची तिकिटे निघत नाहीत. त्यांचे लेथ विकले जातात आणि परड्यात जास्वंदी लागते.

हे सगळे मी नातवाला सांगितले. तो जोत्यावर बसून ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग आजोबा, आता तुम्ही नकाशा काढणार का?"

मी काढला. पण ह्या वेळी बोर्डावर कागद लावण्याआधी आम्ही दोघे शेजारच्या अक्कांकडे गेलो. परड्याच्या दक्षिणेला त्यांचे घर. त्या कन्नड बोलतात, आम्ही मराठी, आणि पन्नास वर्षांत संभाषण कधी अडलेले नाही. १९७९ च्या त्या अर्जावर त्यांच्या सासऱ्यांची सही होती हे मला माहीत होते आणि मला माहीत आहे हे अक्कांनाही माहीत होते. त्यांनी चहा केला आणि सरळ विचारले, सप्पळ किती होणार? सीमाभागातल्या वाचकाला सप्पळ म्हणजे आवाज हे सांगायला नकोच. नातवाने खोटे सांगितले नाही. लेथचा फारसा नाही, पण लोखंड कापताना आणि घासताना होईल, म्हणाला. अक्का म्हणाल्या, दुपारी दोन ते चार आणि दिवेलागणीनंतर नको. आणि धूर माझ्या वाळवणावर नको. एवढेच. बाबांच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही कोणाच्या दारात गेलो नव्हतो.

अक्कांच्या त्या दोन अटींतून शेडचा सारा आराखडा निघाला. वाचकांपैकी कुणाच्या घरी असाच बेत चालला असेल तर उपयोगी पडावा म्हणून तो थोडक्यात सांगतो.

दक्षिणेची भिंत अक्कांकडची, म्हणून ती जांभ्याची, जाड आणि एकही खिडकी नसलेली. जड भिंत आवाज अडवते, पत्रा तो वाढवतो. खिडक्या सगळ्या उत्तरेला, आमच्या घराच्या बाजूने. कामालाही हेच सोयीचे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो आणि मापाच्या पट्टीवर ऊन चमकत नाही. म्हणून तर मोठ्या कारखान्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी करतात. एक गंमत मात्र आहे. बेळगाव विषुववृत्तापासून फारसे दूर नसल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पावसाळी महिन्यांत ढगच असतात, त्यामुळे त्रास मे महिन्यापुरता. त्यासाठी खिडकीवर दोन फुटांची पडवी काढली.

आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची भिंत बंद आणि दार पूर्वेला. जमीन परड्यापेक्षा दीड फूट उंच. बाबांचे जुने जोते त्यासाठी तसेच ठेवले, फक्त पुढे वाढवले. लेथखालचा काँक्रीटचा ठोकळा भोवतालच्या जमिनीपासून वेगळा ओतला आणि फटीत वाळू भरली, म्हणजे यंत्राची थरथर भिंतीतून अक्कांच्या घरात जात नाही. लेथच्या पायांखाली रबराच्या गाद्या. पाणसळ लावून लेथ चारही कोपऱ्यांनी एका पातळीत आणायला आम्हाला दोन दिवस लागले. लेथचा पाया एका कोपऱ्यात केसभर जरी पिळला गेला तरी त्यावर कातलेला दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. यंत्र दोषी वाटते, दोष जमिनीचा असतो.

सहाणेचे चाक लेथपासून दूर, दाराजवळ ठेवले. त्याची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती लेथच्या घसरपट्टीवर पडली तर यंत्र आतून झिजते. हत्यारांचे कपाट बंद दारांचे, आणि त्यात एक साधा दिवा पावसाळाभर जळता ठेवायचा. कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा जरा उबदार राहिली की लोखंडावर दंव धरत नाही आणि गंज चढत नाही. ही युक्ती बाबांची. त्यांच्या कपाटात कंदील असे. भट्टी मात्र घातली नाही. वाळवणाचा शब्द दिला होता. तापवण्याचे काम उद्यमबागेत करून आणायचे ठरले. सगळे काही परड्यात झालेच पाहिजे असे नाही. परवान्याचा कागद सगळ्यांत आधी केला आणि त्यासोबत नकाशा जोडला. ह्या वेळी उत्तर मी स्वतः लिहिले.

बारा बाय अठराचे शेवटी काय झाले? शेड बारा बाय वीस झाली. जादा दोन फूट पूर्वेच्या दाराशी आहेत. तिथे एक बाक ठेवला आहे, मोडकी वस्तू घेऊन आलेल्या माणसाला बसायला. पालो आल्टोच्या खोलीत तसा बाक होता की नाही ह्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. आमच्या आईची जागा ती होती.

श्रावणात एका सकाळी लेथ सुरू झाला. नातवाने चाचणीचा एक दांडा कातला, दोन्ही टोके मोजली आणि मान डोलावली. तेवढ्यात दारात अक्का उभ्या. हातात पितळी बुशाची बिडाची कप्पी, त्यांच्या विहिरीवरची. बुश झिजून कप्पी कुरकुरत होती. "ही तुझ्या पणजोबांनी बसवलेली," त्या नातवाला म्हणाल्या. "सप्पळ करायला लागली आहे. बघ काय होतंय."

मी कप्पी हातात घेऊन फिरवली. आतल्या बाजूला बाबांची खूण होती. छिन्नीचे दोन लहान घाव, एकमेकांना टेकलेले. म्हणजे ज्यांच्या सासऱ्यांनी अर्जावर सही केली, त्यांच्या विहिरीवर त्याआधीपासून बाबांचे काम फिरत होते आणि सहीनंतरही चाळीसहून जास्त वर्षे ते तसेच फिरत राहिले.

अक्का बाकावर बसल्या. नातवाने जुने बुश ठोकून काढले आणि नव्यासाठी पितळेचा तुकडा लेथला लावला. मी उत्तरेच्या खिडकीशी उभा राहून पट्टी धरली.

"किती, आजोबा?"

"सात सूत," मी म्हणालो. "पण आधी साडेसातच ठेव."